धाकटीची पुकार

बाईंच्या लाँड्रीत ऐकू काहीच येत नाही. धुलाईची चार मशीनं, दोन ड्रायर आणि चादरी दाबणारा तो लांबलचक रोलर एकदा सुरू झाला की माणसाच्या तोंडातून निघालेला शब्द तिथेच भिजून खाली पडतो. म्हणून तिथे कान कुणी वापरत नसे. सगळे बाईंचं तोंड बघत. बाईंचे ओठ ‘उचल’ म्हणाले की चादर उचलली जाई, ‘घडी’ म्हणाले की घडी पडे. आणि बाईंनी ओठ घट्ट मिटले की ज्याच्या हातात जे असेल ते तिथेच थांबे, कारण ओठ मिटले याचा अर्थ कुठेतरी डाग राहिलाय, नाहीतर काहीतरी अडकलंय, नाहीतर कुणाची तरी आता खैर नाही. अडतीस वर्षं हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी याच पद्धतीने पांढऱ्या होत आल्या होत्या, आणि एकाही हॉटेलाने कधी एक चादर परत पाठवली नव्हती. बाई हे सांगत फिरत नसत. समोरच्याने विचारेपर्यंत थांबत, आणि त्याने विचारलं नाही तर मग सांगत.

हीच सवय घरीही आली होती. थोरला मुलगा चाळिशीला टेकला तरी दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी आईच्या तोंडाकडे एक नजर टाकी. नवरा तर लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासूनच बोलायचा थांबला होता. त्याला काही दुःख नव्हतं. त्याचं सगळं परस्पर होत होतं.

त्या मंगळवारी धाकटा मुलगा ड्रायरपाशी आला आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हणाला, “आई, आम्ही जातोय.”

बाईंना कळलं नाही. म्हणजे कळलं, पण अडतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ‘परत सांग’ अशी खूण केली. त्याने परत सांगितलं. मग बाहेर गल्लीत नेऊन सविस्तर सांगितलं.

धाकटी सून नाच शिकवायची. सार्वजनिक हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा लहान मुलांना, तेही हंगामी. आता हॉलच्या व्यवस्थापकाला कायमची शिक्षिका नेमायची होती. त्याने अट घातली होती: सोळा कोरी माणसं घ्या, ज्यांनी जन्मात नाच केलेला नाही अशी. चार रविवारांत त्यांना तो जुना गोल नाच शिकवा, आणि चौथ्या रविवारी माझ्यासमोर उभा करून दाखवा. जमलं तर जागा तुमची. नाही जमलं तर दुसऱ्या गावातली एक शाळा धाकटीला घ्यायला तयारच होती, तिचं पत्र कपाटात पडलं होतं. ते गाव इथून सात तासांवर. धाकटा जाणार, धाकटी जाणार, आणि चार वर्षांची नात जाणार, जी रोज संध्याकाळी गरम चादरींच्या ढिगात शिरून झोपायची.

“किती जणांनी नाव दिलंय?” बाईंनी विचारलं.

आठ, धाकटा म्हणाला.

जाऊ नका, असं बाई कुणाला म्हणत नसत. लाँड्री सोडून गेलेल्या कामगारालाही त्या म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “मग रविवारी आम्ही आठ येतो.”

“तू नाचणार?”

“मी उभी राहणार. बाकीचं पाय बघून घेतील.”

आठ जणांची भरती बाईंनी पाच मिनिटांत केली. त्या स्वतः, नवरा, थोरला, थोरली सून, धाकटा, घडीच्या टेबलावरच्या दोघी आणि मशीनवाला. धाकटा हा नाचाच्या शिक्षिकेचा नवरा, तो कोरा कसा, असं मशीनवाल्याने विचारून बघितलं. बाई म्हणाल्या की आठ वर्षं तिच्यासोबत राहून याला दोनपर्यंत मोजता येत नाही, याच्याहून कोरं कापड आपल्याकडे नाही.

पहिल्या रविवारी दुपारी सगळे हॉलवर गेले. तिथे बाकीचे आठ आधीच भिंतीला पाठ लावून उभे होते. एक पोस्टमन, एक दातांचा डॉक्टर, ग्रंथालयातल्या एक बाई, एकमेकींचा हात न सोडणाऱ्या दोघी बहिणी आणि असेच आणखी तिघे, ज्यांना घरून कुणीतरी जबरदस्तीने पाठवलं असावं.

धाकटीने नाच समजावून सांगितला. आपल्या आज्या-पणज्या तरुण होत्या त्या काळातला, स्विंग नावाच्या नाचऱ्या परदेशी बाजावरचा हा नाच. सगळ्यांनी गोलात उभं राहायचं. एकाने पावलाचं नाव पुकारायचं आणि बाकीच्यांनी ते पाऊल करायचं. पुढचं पाऊल कुठलं ते पुकारणाऱ्याशिवाय कुणालाच माहीत नसतं, त्यातच मजा. बाईंना यात मजा कसली ते कळेना. माणसांना आधी सांगून ठेवलं तर काम नीट होतं, एवढं त्यांना माहीत होतं.

पावलांची मूळ नावं परदेशी होती. ती पोस्टमनच्या दातांत अडकायला लागली, म्हणून धाकटीने साधी नावं दिली. ‘पीळ’ म्हणजे टाच आणि चवडा आलटून पालटून वळवत बाजूला सरकायचं. ‘टोच’ म्हणजे कोंबडी दाणे टिपते तशी मान पुढेमागे करायची. ‘लाथ’ म्हणजे आधी पुढे आणि मग मागे, पण शेजाऱ्याला नाही. ‘ढकल’ म्हणजे एक बोट वर करून हलवत, खांदे झुलवत चालायचं. हे शेवटचं बाईंना पहिल्या फटक्यात आलं. बोट वर करून हलवायची त्यांना सवय होती, फक्त चालायचं तेवढं नवीन. आणि ‘चमक’ पुकारलं की ज्याचं नाव घेतलं त्याने गोलाच्या आत जाऊन मनाला येईल ते करायचं, बाकीच्यांनी टाळ्या द्यायच्या.

सगळं आठ मोजण्यांत. पुकार येते ती सहाव्या-सातव्या मोजणीला, पण निघायचं नाही. हातातलं पाऊल आठपर्यंत पुरं करायचं आणि नव्या ‘एक’वर सुरुवात करायची. इथेच बाईंचं बिनसलं. सांगितलं की करायचं, हे त्यांनी जगाला शिकवलेलं. सांगितल्यावर दोन मोजणी थांबणं याला त्यांच्याकडे कामचुकारपणा म्हणत. पुकार आली की बाई निघत, आणि बाई निघाल्या की लाँड्रीचे सातही निघत. म्हणजे अर्धा गोल पुढच्या पावलात आणि अर्धा मागच्यात. जिथे हे दोन अर्धे भेटत तिथे दातांचा डॉक्टर उभा होता.

पण खरी अडचण वेगळीच होती. धाकटीचा आवाज पोहोचतच नव्हता. माईक नको, जुन्या काळी कुठे होता, असं व्यवस्थापकाचं म्हणणं. खरं म्हणजे हॉलचा माईक बिघडलेला होता. बाजा सुरू झाला की धाकटीची पुकार तिच्या शेजारच्या पोस्टमनपर्यंत जाई आणि तिथेच संपे. तिकडे झोपलेलं मूल आहे आणि त्याला उठवायचं नाही, अशा आवाजात ती बोलायची. घरीही तसंच बोलायची. बाईंना तिचा हा गुण आवडायचा.

आता समोर उभ्या असलेल्या बाईंना आवाजाची गरजच नव्हती. धाकटीच्या ओठांवर ‘पीळ’ उमटलं की त्यांना कळे, आणि सवयीने त्यांचेही ओठ ‘पीळ’ म्हणत. ते बघून सात जण पिळायला लागत. उरलेल्या आठांचं काय, म्हणून बाईंनी ते मोठ्याने सांगितलं. तो आवाज माळ्यावर जाऊन परत आला. आठही जण पिळायला लागले. बाईंना वाटलं, प्रश्न मिटला.

दुसऱ्या रविवारी धाकटी हळूच पुकारायची आणि बाई मोठ्याने पुकारायच्या. तिसऱ्या रविवारी तर गोल गरगर फिरायला लागला. बाईंनी ग्रंथालयातल्या बाईंना सांगितलं की तुमचे गुडघे फुगलेल्या ड्रॉवरसारखे आहेत, ओढल्याशिवाय उघडत नाहीत. दोघी बहिणींना हात सोडायला लावले. नवऱ्याला सांगितलं की टोच करताना डोळे मिटू नका, कोंबडी मिटत नाही. तेवढ्यात व्यवस्थापक दारात येऊन उभा राहिला. थोडा वेळ बघून तो आत आला आणि बाईंचा हात हातात घेऊन म्हणाला, छान पुकारता तुम्ही. मग धाकटीकडे बघून त्याने विचारलं की या तुमच्या मदतनीस का.

बाई खूश झाल्या. ती खुशी साधारण जिन्यापर्यंत टिकली. तिथून त्यांनी मागे वळून बघितलं तेव्हा धाकटी खाली बसून स्पीकरची वायर गुंडाळत होती. वायर कधीच गुंडाळून झाली होती, तरी ती गुंडाळतच होती.

सोमवारी सकाळी धाकटी लाँड्रीत आली. एरवी ती तिकडे फिरकत नसे. सगळी मशीनं सुरू होती. ती बाईंच्या समोर उभी राहिली आणि आवाज न करता, ओठ नीट उघडून म्हणाली, “आई, तुम्ही माझी पुकार घेतलीत.”

लाँड्रीत खासगी असं काही बोलता येत नाही. ऐकू कुणालाच येत नाही, पण वाचता सगळ्यांना येतं. घडीच्या टेबलावरच्या दोघी एकाच उशीच्या खोळीची तिसऱ्यांदा घडी करायला लागल्या. मशीनवाला वाकून बंद असलेल्या नळाला पाना लावत बसला.

ती थांबली नाही. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी वरून यांना एक हाक मारली होती, म्हणाली. तुम्ही म्हणालात, या घरात एक आवाज पुरे आहे. तेव्हापासून पुरलाय. काल व्यवस्थापकाला शिक्षिका सापडली, ती तुम्ही. रविवारी तुम्ही गोलात हव्यात, नाहीतर सोळा भरत नाहीत. पण ओठ हलवायचे नाहीत.

बाईंकडे द्यायला उत्तर होतं. एक नाही, चार होती. पण त्यांनी पाठ फिरवली, कारण तोंड दिसलं असतं तर सगळ्यांनी वाचलं असतं. मग रोलरमधून निघणाऱ्या गरम चादरीकडे बघत त्या बरंच काही बोलल्या. चादरीने ते कुणाला सांगितलं नाही.

तो आठवडा बाईंना फार जड गेला. ओठ न हलवता राहायचा सराव घरी सुरू केला, तर नवऱ्याने पहिल्याच दिवशी तीनदा विचारलं की डॉक्टरला बोलावू का. म्हातारा एवढं बोलला हेच नवल. त्यांच्या लक्षात आलं की आपले ओठ आपल्याला न विचारता चालतात. सूप ढवळताना चालतात, कुलूप लावताना चालतात, टीव्हीवरच्या बाईला सूचना देतानाही चालतात. शेवटी त्यांनी लाँड्रीतल्या बरणीतून ओव्हरकोटाचं एक मोठं बटण काढलं, उकळून घेतलं आणि दातांत धरलं. बटण सांभाळायचं म्हटलं की ओठ मिटूनच ठेवावे लागत.

शनिवारी त्यांनी सातही जणांना समोर उभं केलं आणि बजावलं की उद्या माझ्याकडे बघायचं नाही, धाकटीकडे बघायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवताना सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होते, बोलून झालं का म्हणून.

रविवारी व्यवस्थापक खुर्ची टाकून बसला. मांडीवर कागद, हातात पेन. सोळा जण गोलात उभे राहिले. धाकटी वायरीपाशी गेली, बाजा सुरू केला आणि परत आपल्या जागी आली. बाईंनी बटण दातांत धरलं आणि ओठ घट्ट मिटले.

बाईंनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त याचाच केला नव्हता. धाकटीने ‘पीळ’ पुकारलं. सातही जणांनी सवयीने बाईंकडे बघितलं. बाईंचे ओठ घट्ट मिटलेले. म्हणजे डाग आहे. म्हणजे थांबवा.

सातही जण जागच्या जागी थांबले. थोरल्याचा एक पाय हवेत होता, तो हवेतच राहिला. बाकीचे आठ, ज्यांना बाईंच्या ओठांची भाषा येत नव्हती, ते पोस्टमनचं बघून निघाले आणि थांबलेल्यांवर जाऊन आदळले. पोस्टमन मशीनवाल्यावर, दोघी बहिणींपैकी एक थोरलीवर. दातांचा डॉक्टर गोलाच्या बाहेर फेकला गेला आणि तिथेच उभा राहिला. त्याला तिथे बरं वाटत असावं. मग तेही थांबले. बाजा मात्र वाजत राहिला.

एकट्या बाई पिळत होत्या.

अडुसष्ट वर्षांचं वय, उजवा गुडघा वाकायला तयार नाही, तोंडात बटण. टाच, चवडा, टाच, चवडा. त्या कुणाकडे बघत नव्हत्या, फक्त धाकटीच्या तोंडाकडे बघत होत्या. चला म्हणून हात वर केला असता तर लाँड्री ताळ्यावर आली असती. पण हात वर करणं म्हणजेही सांगणंच. त्या बोलणार नव्हत्या आणि दुसऱ्या कशानेही सांगणार नव्हत्या. एवढंच त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांनी धरून ठेवलं होतं.

व्यवस्थापकाने पेनाला टोपण लावलं.

धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता, बाईंच्या चादरींना लाजवेल असा. तिचे ओठ कसेबसे ‘ढकल’ म्हणाले. ते पोस्टमनलाही ऐकू गेलं नाही. बाईंनी वाचलं. बोट वर केलं आणि खांदे झुलवत त्या गोलात चालायला लागल्या. थोरल्याच्या समोरून गेल्या, त्याचा पाय अजून वरच होता. आपली आई कुणाचं तरी ऐकतेय हे त्याने जन्मात बघितलं नव्हतं. डॉक्टरचंही ती ऐकत नसे, डॉक्टरला ऐकवायची. नवऱ्याच्या समोरून गेल्या तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते, की नुसते तसे दिसत होते, कोण जाणे.

एक फेरी पुरी होत आली. आणि मग धाकटीच्या गळ्यावरची शीर फुगली.

“थांबा.”

हॉलमधलं एक कबूतर माळ्यावरून उडालं. व्यवस्थापकाच्या मांडीवरचा कागद खाली पडला. बाजा वाजतच होता, पण आता तो लांब कुठेतरी वाजल्यासारखा वाटत होता.

“भाऊजी, पाय खाली घ्या आणि माझ्याकडे बघा. सगळे माझ्याकडे. आईंचं तोंड आज कुणी बघायचं नाही, ते बंद आहे. डॉक्टर, आत या.” मग तिने श्वास घेतला आणि आवाज जरासुद्धा खाली न आणता म्हणाली, “आणि आई, तुम्ही दोन्ही वेळा दोन मोजणी आधी निघालात. माझ्या ‘एक’वर निघायचं. आपल्या मनाने नाही. चला, पहिल्यापासून.”

घडीच्या टेबलावरच्या दोघींनी डोळेच मिटून घेतले. या बोलण्यानंतर लाँड्री उभी राहील की नाही याची त्यांना खात्री नव्हती.

बाईंनी मान हलवली. हो म्हणून.

मग गोल फिरला. सुंदर फिरला असं कुणी म्हणणार नाही. ग्रंथालयातल्या बाईंचे गुडघे अजूनही ड्रॉवरसारखेच होते आणि लाथेच्या वेळी मशीनवाल्याने पोस्टमनचं मघाचं देणं फेडून टाकलं. पण पुकार आली की सगळे मोजत, थांबत आणि ‘एक’वर निघत. बाईंचा ‘एक’ अजूनही लवकरच यायचा, पण आता त्यांचा त्यांनाच कळायचा, आणि त्या पाय हवेत धरून बाकीच्यांची वाट बघायच्या. शेवटी धाकटीने पुकारलं, “बाबा, आत. चमक.” आणि सासरा गोलाच्या मधोमध गेला. बेचाळीस वर्षं गप्प असलेला तो म्हातारा तिथे टोच करायला लागला. इतक्या मनापासून, इतक्या खालपासून, की दोघी बहिणी टाळ्या वाजवायच्या विसरल्या. आठ झाले, सोळा झाले, बत्तीस झाले. धाकटीला दोनदा ओरडून त्याला बाहेर काढावं लागलं.

व्यवस्थापकाने कागद उचलला, टोपण काढलं आणि काहीतरी लिहिलं. जागा तुमची, म्हणाला. पुढच्या महिन्यापासून या. मग जरा घाबरतच त्याने बाईंना विचारलं की या नेहमीच असं ओरडतात का.

बाईंनी बटण तळहातावर काढलं. “आमच्या घरातल्या बायका अशाच बोलतात.”

पायऱ्यांवर धाकट्याने आईला गाठलं. त्या दुसऱ्या गावच्या शाळेला आता काय कळवायचं, असं त्याने विचारलं, आणि तो तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. बाईंनी बराच वेळ काहीच कळू दिलं नाही. तो बघत राहिला, बघत राहिला, आणि शेवटी दुसरा इलाज नाही म्हणून बायकोकडे वळला.

“येत नाही म्हणून कळवा,” धाकटी म्हणाली. तिला आवाज कुठे ठेवायचा ते अजून समजत नव्हतं, त्यामुळे तो रस्त्यापर्यंत गेला. “गुरुवारी सहाला माझा मोठ्यांचा वर्ग आहे. आई येतील. त्यांचा ‘एक’ चुकतो.”

माझा चुकत नाही, तू उशिरा पुकारतेस, असं बाई म्हणाल्या.

“नाही,” धाकटी म्हणाली.

आठ वर्षांत हा शब्द तिने बाईंना कधी म्हटला नव्हता. थोरली पायरीवरच थांबली. सगळे थांबले. बाई तशाच दोन पायऱ्या उतरल्या, गुडघा सांभाळत, आणि मग मागे न वळता त्यांनी विचारलं की त्या वर्गाला बूट कसले लागतात, रबरी तळव्याचे चालतील का. तेही हळू आवाजात नाही.